बाटली भराच, मॅडम

३ जानेवारी

प्रदूषण खात्याचं पत्र आलं. आपल्या कारखान्यातून गटारात जाणाऱ्या पाण्यात निकल मर्यादेच्या चौपट. मागच्या सँपलला तिप्पट होतं. दोन्ही वेळा खात्याच्या मॅडम येऊन बाटली भरून घेऊन गेल्या. आता तिसरं आणि शेवटचं सँपल. तारीख ते कळवतीलच असं नाही, म्हणे. त्यात नापास झालो की वीज तोडणार आणि दाराला सील ठोकणार.

घाबरायचं कारण नाही. नंतर वाचून हसता यावं म्हणून लिहून ठेवतो.

वडिलांनी हा निकल प्लेटिंगचा कारखाना एका टाकीवर उभा केला. नळाच्या तोट्या, कपाटाच्या मुठी, सायकलच्या घंट्या. काळंकुट्ट येतं, चकचकीत होऊन जातं. टाकीतून काढलेला माल पाण्यात धुवायचा आणि ते पाणी बाहेर सोडायचं. इतकी वर्षं बाहेरच जात होतं. कोणाला काही झालं नाही. निदान कोणी सांगायला आलं नाही.

नव्या वर्षाचे संकल्प: पहाटे उठणे. मौनीवर न ओरडणे. मेहुण्याकडे मदत न मागणे. पहिले दोन मोडले तरी तिसरा मोडणार नाही.

(मौनी म्हणजे आपला जुना कामगार. दिवसभरात दोन वाक्यं बोलतो. त्यातलं एक 'बघा मालक'.)

४ जानेवारी

उठायला साडेआठ झाले. मौनीवर ओरडलो. तिसरा संकल्प शाबूत.

६ जानेवारी

मेहुणा जेवायला. त्याचाही प्लेटिंगचाच कारखाना, पण मोठा, मागच्या गल्लीत. पाणी शुद्ध करायचं यंत्रही आहे. यंत्राचं नाव तो इतक्या प्रेमाने घेतो की त्याच्या बायकोला वाईट वाटत असणार.

म्हणाला, तुमचं धुण्याचं पाणी पाइप टाकून माझ्या यंत्रात सोडू, किंवा सरळ कारखानाच माझ्यात मिळवून टाका, तुम्ही देखरेखीला या. ही मान डोलवत होती. हिची मान माहेरच्या बाजूला जरा जास्तच डोलते.

मी म्हटलं विचार करतो. हात धुवेपर्यंत केला. नाही.

वडिलांच्या टाकीचं पाणी मेहुण्याच्या पाइपातून जाणार नाही. आणि दारावर पाटी आहे ती वडिलांच्या नावाची आहे, ती उतरवून मी कुठे ठेवू? माळ्यावर?

९ जानेवारी

लेक बाहेरगावी रसायनशास्त्र शिकते. तिला फोन केला. सामान्य ज्ञान म्हणून विचारलं की एका ओळखीच्या माणसाच्या कारखान्यात असं असं झालंय, तर त्याने काय करावं. तिने विचारलं, तुमच्याच ना, बाबा?

मुलांना शिकवलं की ही अशी होतात.

पण काय माहिती दिली पोरीने! केळ्याची वाळवलेली साल, संत्र्याची साल, शेवाळ, अंड्याची टरफलं, लाकडाचा भुसा, जे जे कधीतरी जिवंत होतं ते पाण्यातला जड धातू स्वतःला चिकटवून घेतं. यंत्र नको, वीज नको. तिने एक शोधनिबंध पाठवला. अकरा पानं छापून आणली. दोन वाचली. पुढे आलेख होते. लेखकाला शब्द सुचेनासे झाले की तो आलेख काढतो.

दोन पानांत सगळं कळलं. केळं. लोक आतलं खातात आणि खरा माल कचऱ्यात टाकतात. हसू येतं एकेकदा जगाचं.

११ जानेवारी

चौकातल्या ज्यूसवाल्याशी बोलणं झालं. तो रोज एक पोतं साली द्यायला तयार. इतका आनंदाने तयार झाला की मला वाटलं आपणच त्याच्याकडे काही मागायला हवं होतं.

घरातही नियम केला. प्रत्येकाने रोज चार केळी. ही म्हणाली, पोतंभर साली येणार आहेत तर आम्ही कशाला खायची? म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे.

मौनीलाही डझनभर दिली. बघा मालक, म्हणाला.

१३ जानेवारी

साली गच्चीवर वाळत घातल्या. वरच्या काकूंनी चादरी वाळत घातल्या होत्या. काकूंचं म्हणणं चादरींना वास येतो. माझं म्हणणं चादरींनाच आधी येत होता. बोलणं तिथे थांबलं.

माश्या फार.

१५ जानेवारी

वाळल्या. दळायला घेतल्या. पहिल्या दोन भांड्यांना मिक्सर छान चालला. तिसऱ्याला धूर.

मिक्सर हिच्या भावाने दिलेला होता, हे मला आज कळलं. या घरात बिघडलेली प्रत्येक वस्तू माहेरून आलेली का असते? चालू वस्तू कुठून येतात ते कोणी सांगत नाही.

साली आता हाताने, खलबत्त्यात. मनगट सुजलं. वडील म्हणायचे, हाताला फोड आला की माणूस कारखानदार झाला.

१८ जानेवारी

आजचा दिवस अधोरेखित.

प्लास्टिकच्या ड्रमला खाली भोक पाडलं, आत फडकं, त्यावर सालीचा भुगा गच्च भरला. वरून धुण्याचं पाणी, खालून बाहेर. तेच पुढे शेवटच्या टाकीत आणि तिथून गटारात. केमिकलवाल्याने तपासायच्या पट्ट्या फुकट दिल्यात. निकल असलं की पट्टी गुलाबी होते. वरच्या पाण्यात बुडवली. गडद गुलाबी. खालच्या पाण्यात बुडवली.

पांढरी.

मौनी पट्टीकडे बघत राहिला. मी उलट्या बादलीवर बसलो. पुन्हा बुडवली. पांढरीच. मौनीला मिठी मारली, तो ओशाळून उभा राहिला. बघा मालक, म्हणाला, आणि आज पहिल्यांदा त्याचा अर्थ मला चांगला लागला.

डोळे भरून आले. भुग्याची धूळ होतीच, पण तेवढ्याने इतकं येत नाही. वडील असायला हवे होते.

१९ जानेवारी

या पद्धतीला नाव हवं. आपल्या आडनावाने असलेलं बरं. परदेशातून माणसं बघायला येतील तेव्हा दारातला खड्डा बुजवलेला असावा. भाषणाचा सूट शिवायला टाकावा.

मेहुण्याला सहज म्हणून फोन केला. तो म्हणाला, दाजी, बुडत्याला सालीचा आधार. मागे त्याच्या ऑफिसातली माणसं हसली. हीसुद्धा इकडे स्वयंपाकघरात हसली. हिला ऐकू कसं गेलं? स्पीकर मीच लावला होता.

हसा म्हणावं.

२२ जानेवारी

आता सगळं पाणी ड्रममधूनच. तीन ड्रम केले. पट्टी रोज पांढरी.

पाणी साफ होतंय म्हटल्यावर हात आखडता कशाला घ्यायचा? कपाटाच्या मुठींच्या दोन मोठ्या ऑर्डरी घेतल्या. काम दुप्पट. लेक म्हणाली, बाबा, सालीला पण मर्यादा असते. पोरगी माझीच, पण उमेद आईकडची.

२७ जानेवारी

मौनीने आजचं दुसरं वाक्य खर्च केलं. सकाळी प्रदूषणवाल्या मॅडम मागच्या गटाराशी वाकून काहीतरी करत होत्या, म्हणाला. स्कूटर गल्लीच्या तोंडाशी लावली होती.

चप्पल अडकली असेल. सँपल घ्यायचं तर माणूस पुढच्या दाराने येतो, खुर्ची घेतो, पाणी पितो.

या बाई मला पाण्यात पाहतात हे मात्र खरं. नोकरीच तशी आहे, बिचाऱ्यांची.

१ फेब्रुवारी

ड्रमना वास. खालचं पाणी थोडं तपकिरी. काही बिघडत नाही. मॅडम निकल मोजतात, रंग नाही.

पट्टीला आज किंचित झाक आली. ट्यूबलाइट जुनी झालीय. बदलली. झाक नव्या ट्यूबमध्ये जास्त स्पष्ट दिसते. जुनी परत लावली.

३ फेब्रुवारी

पट्टी गुलाबी.

पट्ट्यांचा डबा दमट झाला असणार. नवा डबा मागवला.

४ फेब्रुवारी

नवा डबा आला. गुलाबी.

ज्यूसवाल्याकडे धावलो. साली नाहीत. एक रोपवाटिकावाला खतासाठी घेऊन जातो आता, वर चार पैसे देतो. मी म्हटलं मी आधी आलो होतो. तो म्हणाला, हो, पण तुम्ही फुकट नेत होता. माणुसकी राहिली नाही.

फळबाजारात गेलो. केळी हवी तेवढी, साल आतल्या केळ्यासकट घ्यावी लागते. घरी कोणी केळ्याकडे बघायला तयार नाही. मौनीचं पोट बिघडलंय, दोन दिवस घरी आहे.

संध्याकाळी बागेत एक गृहस्थ बाकावर केळं सोलत होते. शेजारी जाऊन बसलो. हवापाण्याचं बोललो. त्यांनी अर्धं खाल्लं, माझ्याकडे बघितलं आणि उठून गेले. साल बरोबर घेऊन गेले.

६ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. हिने विचारलं काय होतंय. पित्त, म्हटलं.

पित्त नाही. भीती वाटते. हिला सांगता येत नाही म्हणून इथे लिहितो. सकाळी कुलूप उघडायला जातो तेव्हा आधी दाराकडे बघतो, सील तर नाही ना. नाही म्हटल्यावर मग किल्ली काढतो.

ही दुपारी भावाकडे हिशेबाला जाऊ लागलीय. बसून कंटाळा येतो, म्हणते. बुडत्या जहाजावरून उंदीर आधी पळतात असं मी मनात म्हटलं आणि लगेच मनातच माफी मागितली. हिने जाताना माझ्यासाठी डबा भरून ठेवला होता.

८ फेब्रुवारी

लेकीचा फोन. सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. ती म्हणाली, 'बाबा, साल भरलीय. निकल धरायला तिच्यात जागाच उरली नाही. सौम्य ॲसिडने धुतली की ती धरलेलं सगळं सोडते आणि पुन्हा वापरता येते. फक्त ते धुतलेलं ॲसिड आहे ना, ते...'

कळलं, म्हटलं आणि फोन ठेवला.

ॲसिड! ॲसिड म्हणजे माझ्या घरचं माणूस. माल प्लेटिंगला घ्यायच्या आधी आपण दुसरं काय करतो? गंज असो, तेल असो, काजळी असो, ॲसिडात बुडवायचं की नव्यासारखं. वडिलांचं वाक्यच होतं, मळलं की बुडव. इतके दिवस मी काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत होतो.

शोधनिबंधात नऊ नंबरच्या पानावरही आहे, आलेखाच्या खाली. धुतलेली साल पुन्हा नव्याइतकीच काम करते. पहिला शब्द आणि शेवटचा शब्द वाचला, मधलं ओघाने येतंच.

आज जेवलो. दोन पोळ्या जास्त.

९ फेब्रुवारी

पत्र. मॅडम १२ तारखेला सकाळी कारखाना बघायला येणार.

येऊ देत.

११ फेब्रुवारी

मौनी परत आला. बारीक झालाय. त्याला घेऊन तिन्ही ड्रम धुतले. वरून सौम्य ॲसिड ओतत गेलो, खालून पाणी निघत गेलं, नेहमीसारखं शेवटच्या टाकीत.

काय साल निघाली! पिवळी, स्वच्छ, वास गायब. हातात घेऊन बघितली. परवा सोललेली म्हणून कोणीही घेईल.

टाकीतलं पाणी सुंदर हिरवं झालंय. पारदर्शक पोपटी. कच्च्या केळ्याचा असतो तोच रंग. म्हणजे सालीतला जुना नैसर्गिक रंग सगळा उतरला. इतकी वर्षं निकलच्या हिरव्या टाकीशेजारी उभा आहे, मला हिरव्यातले प्रकार कळतात. हा केळ्याचा.

मौनी टाकीकडे बराच वेळ बघत होता. मग माझ्याकडे बघितलं. आज त्याने एकही वाक्य खर्च केलं नाही.

१२ फेब्रुवारी, दुपार

क्रमाने लिहितो.

मॅडम वेळेवर आल्या. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या. हीसुद्धा चहा घेऊन आली होती, मुद्दाम. मॅडम हसतात हे मला माहीतच नव्हतं.

म्हणाल्या, तिसरं सँपल मी न सांगता घेतलं होतं, २७ जानेवारीला, मागच्या गटारातून, नियमच तसा आहे. तुम्ही पास आहात. निकल मर्यादेच्या आत, चांगलंच आत. आज फक्त नजर टाकायची आणि परवानगीच्या कागदावर सही करून द्यायची. कागद त्यांच्या पिशवीत होता. अर्धा बाहेर काढलेला. आपल्या कारखान्याचं नाव मला उलटं वाचता आलं.

मग विचारलं केलंत काय? मी ड्रम दाखवले. साली दाखवल्या. त्या वाकून बघत राहिल्या. इतक्या साध्या वस्तूने, म्हणाल्या, बाकीच्यांनाही सांगायला हवं. हिने पदराने डोळे टिपले. हिने! माझ्यासाठी!

तिथे माझ्या डोक्यात विचार आला. पास तर झालो, पण कशावर? जुन्या, मळक्या, वासाच्या सालीवर. आज तर नवी आहे. आजचा आकडा आला तर शून्यच येईल. सरकारी शिक्क्याचं शून्य. फ्रेम करून वडिलांच्या फोटोशेजारी लावायचं आणि मेहुण्याला त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसवून चहा पाजायचा.

मी म्हटलं, मॅडम, आजचं सँपल घ्या.

त्या म्हणाल्या, गरज नाही.

मी म्हटलं, गरज आहे. ते तेव्हाचं होतं, आजचं बघा.

ही माझी बाही ओढत होती. मौनी खोकला. त्याला खोकला नसतो.

मॅडम म्हणाल्या, 'एकदा बाटली भरली की ती नोंदली जाते. मग माझ्या हातात काही राहत नाही.'

'भराच, मॅडम.'

बाटली शेवटच्या टाकीतून भरली. मॅडमनी ती खिडकीकडे धरली. काचेत तो पोपटी रंग फार खुलून दिसतो. बराच वेळ धरून होत्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, हीच नोंदवायची ना? म्हटलं, अवश्य.

त्यांनी बाटलीवर चिठ्ठी लावली, माझी सही घेतली. परवानगीचा कागद परत पिशवीत गेला. नवा आकडा घालून नव्याने टाइप करणार असतील.

चहा तसाच राहिला. घाई असते त्यांना.

१३ फेब्रुवारी

फ्रेमवाल्याकडे जाऊन आलो. सोनेरी कड महाग पडते, चंदेरी घेतली. आपला धंदाही चंदेरीच.

ही कालपासून बोलत नाही. मोठ्या यशाने माणसं अशी गप्प होतात.

१५ फेब्रुवारी

लेकीचा फोन. ती विचारत होती, साल धुतलेलं ॲसिड कशात साठवलं? म्हटलं, साठवलं म्हणजे? ती म्हणाली, वेगळ्या कॅनमध्ये ना, बाबा? मी म्हटलं, टाकीत गेलं, नेहमी जातं तिथे. हिरवं झालं होतं. कच्च्या केळ्यासारखं.

मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाली, 'बाबा, साल अगदी बरोबर काम करत होती. इतक्या दिवसांत तिने धरलेलं सगळं निकल तुम्ही एका दिवसात टाकीत सोडलंत. मॅडमनी सँपल घेतलं नाही ना?'

मी म्हटलं, आवाज नीट येत नाहीये. खिडकीपाशी जातो म्हटलं. खिडकीपाशीच उभा होतो.

१६ फेब्रुवारी

नऊ नंबरचं पान आज पूर्ण वाचलं. मग बाकीचीही. आलेखात एक रेघ खाली येत येत जमिनीला लागते. ती माझी जानेवारीची रेघ. पुढच्या आलेखात एक रेघ सरळ उभी वर जाते. ती कोणाची ते वर लिहिलं आहे, ॲसिडने धुताना.

अगदी साध्या भाषेत आहे. आठव्या पानावरच ताकीद आहे, हे ॲसिड बाहेर सोडू नये.

टाकीतलं सगळं पाणी कॅनमध्ये भरून ठेवलं. आता.

१७ फेब्रुवारी

मॅडमच्या कार्यालयात गेलो. बाहेरच्या बाकावर सकाळपासून. शिपायाला विचारलं, बाटल्या कुठे ठेवतात? तो म्हणाला, लॅबला गेल्या. त्याला चहा पाजला. तरी लॅबलाच गेल्या होत्या.

मॅडमनी आत बोलावलं. मी म्हटलं ती बाटली चुकीची होती. म्हटलं पाण्यात रंग सांडला होता. म्हटलं ते आमच्या टाकीचं नव्हतंच. तिन्ही एकदम म्हटलं. मग म्हटलं, मॅडम, तो कागद तुमच्या पिशवीत होता. तोच द्या. बाटली विसरून जा.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पेन खाली ठेवून हळू म्हणाल्या, 'मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं.'

दोनदा विचारलं होतं. खिडकीकडे बाटली धरून उभ्या होत्या, ते धरलं तर तीनदा.

मी त्यांच्यासमोर रडलो. हे कोणाला सांगितलेलं नाही. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. रडत रडत प्यायलो आणि पिताना वाटलं, या पाण्यात काय काय असेल कोण जाणे.

२० फेब्रुवारी

रिपोर्ट आला. मर्यादेच्या चाळीस पट. मॅडमच्या हाताखालच्या माणसाने सांगितलं की लॅबवाल्यांनी आधी यंत्र बिघडलं समजून पुन्हा मोजलं.

दुपारी वीज तोडली. पंखा थांबताना इतका वेळ फिरत राहतो हे कधी लक्षात आलं नव्हतं. मग दाराला सील. मौनीने आपले रबरी हातमोजे धुऊन, झटकून, दोरीवर वाळत घातले आणि मग आठवलं की उद्या घालायचे नाहीत. परत काढले. खिशात कोंबले. मी त्याला म्हटलं चुकलं रे माझं. तो म्हणाला, 'मालक, मी तेव्हा खोकलो होतो.'

इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे केलेली ही पहिली तक्रार.

घरी हिने एवढंच म्हटलं, हात दाखवून अवलक्षण. माझ्या ताटात वाढलं, स्वतःचं घेतलं नाही. तिच्यासमोर जेवता येईना.

२१ फेब्रुवारी

संत्र्याची साल केळ्यापेक्षा जास्त धरते म्हणे. पान सहा. सील कायमचं नसतं, अर्ज करता येतो. संत्रीवाला ओळखीचा आहे. ड्रम आहेतच. अनुभवही आहे आता, कोणाकडे असेल एवढा? उद्यापासून

हिने कागद काढून घेतले. वाक्य पूर्ण करायचं नाही असं सांगितलंय.

२४ फेब्रुवारी

मेहुणा आला. येईल आणि हसेल अशी तयारी करून बसलो होतो. चार उत्तरं पाठ केली होती, एक तर फारच झोंबरं होतं. तो हसला नाही. म्हणाला, दाजी, सोमवारपासून या, मौनीलाही आणा. कारखाना तुमचा नाही असं समजू नका.

हसला असता तर नाही म्हणता आलं असतं.

पाटी उतरवली. माळ्यावर जागा निघाली.

१२ मार्च

मेहुण्याच्या कारखान्यात स्थिरावलो. पद: पाणी विभागप्रमुख. विभागात मी एकटाच आहे, त्यामुळे भांडणं नाहीत. मौनी प्लेटिंगला. पगार माझ्यापेक्षा जास्त असावा, पण तो बोलत नाही.

यंत्रातून निघालेल्या पाण्याला शेवटचा हात म्हणून मेहुण्याने सालीचे तीन ड्रम बसवलेत. लेकीला फोन करून विचारलं सगळं. कधी भरते, कधी बदलायची, धुतलेलं ॲसिड कुठल्या कॅनमध्ये. तो तिचं वाक्य शेवटपर्यंत ऐकतो. पट्टी पांढरी येते. मी रोज बुडवतो, रोज पांढरी. चांगलं वाटतं आणि वाईटही वाटतं, दोन्ही एकाच पट्टीने.

पहिल्या दिवशी त्याने काम समजावून सांगितलं. कुठला नळ, कुठली झडप, कुठली वही. मी म्हटलं, हे झालं. मॅडम सँपल घ्यायला आल्या की मी त्यांना काय सांगायचं, ते एकदा ठरवून घेऊ.

तो चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, 'दाजी, त्या आल्या की तुम्ही चहाला जा.'

१९ मार्च

आज मॅडम आल्या. मी चहाला गेलो. दोन कप घेतले. त्यांची स्कूटर गेटातून बाहेर पडताना दिसली, तेव्हा उठलो.